टेकणं वेगळं, रुतणं वेगळं

शेलारकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी साइटवर होते आणि पाइल अर्ध्यात होती. सकाळचे दहा वाजले असतील. नोएडाच्या पुढे एका नाल्यावर पूल होतो आहे. त्याच्या पायासाठी काँक्रीटचे लांबलचक खांब जमिनीत ठोकायचं आमचं काम चालू आहे. या खांबांनाच आमच्या धंद्यात पाइल म्हणतात. हॅमर चालू असला की फोनवर काही ऐकू येत नाही, म्हणून मी तो खिशात थरथरू दिला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मात्र डिझेलच्या पिंपांपलीकडे जाऊन घेतला. काकांची मुलगी वैशाली बोलत होती. "बाबा गेले गं, अनघा. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." पुढचे शब्द हॅमरच्या आवाजात बुडाले.

मी परत आले तेव्हा माझा चेहरा बघून ऑपरेटरने हात वर केला, थांबवू का म्हणून. मी नको म्हणून मान हलवली. चिकणमातीत अर्धी गेलेली पाइल थांबवायची नसते. काही वेळ जरी उभी ठेवली तरी माती तिला चारही बाजूंनी आवळून धरते, आणि मग कितीही घाव घाला, ती हलता हलत नाही. हे मला शिकवणारा माणूस दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका फ्लॅटमध्ये पांढऱ्या चादरीखाली निजलेला होता, आणि मी उरलेल्या पाच मीटरचे घाव मोजत उभी होते. मोजण्यात चुकले नाही. पाइल बसली, कागदावर सही केली, हेल्मेट काढलं, आणि मग गाडीत बसून रडले. काका तिथे असते तर त्यांनीही हाच क्रम सांगितला असता, असं मला त्या अवस्थेतही वाटत होतं.

त्याला आता सहा आठवडे होतील. या सहा आठवड्यांत त्यांच्याबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि उठले. मोठ्या माणसांबद्दल लिहायचं तर त्यांचं काम डोळ्यांना दिसावं लागतं. काकांचं सगळं काम जमिनीखाली आहे. दिल्लीच्या आसपास किती पूल, किती इमारती, किती पाण्याच्या टाक्या त्यांनी ठोकलेल्या पाइलवर उभ्या आहेत, ते मोजणारं कोणी नाही. वर फीत कापली जाते, फोटो निघतात. खाली काय आहे, ते खाली उतरवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ज्ञानदेव शेलार हे त्यांचं नाव. गाव सातारा जिल्ह्यातलं, माणदेशाच्या कडेचं. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले आणि इंजिनिअर पलटणीत नद्यांवर तात्पुरते पूल टाकण्यात त्यांची बरीचशी नोकरी गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झाले तेव्हा शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती. वैशालीची शाळा अर्ध्यात सोडवायची नाही म्हणून इथेच राहिले, आणि पाया घालण्याचं काम करणाऱ्या एका खासगी कंपनीत पाइलिंगचे सुपरवायझर झाले. साइटवर बिहारचे, बंगालचे, झारखंडचे मजूर असत. ते सगळे त्यांना 'सूबेदार साब' म्हणायचे. काका म्हणणारी मी एकटीच.

मी दिल्लीतच, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. वडील मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. घरात मराठी होती, पण ती 'अच्छा, चलो, जल्दी कर' अशी, अर्धी हिंदीत भिजलेली. सिव्हिल इंजिनिअर होऊन मी त्या कंपनीत लागले आणि पहिल्याच दिवशी यमुनेच्या खादरमधल्या, म्हणजे पुराच्या गाळाने बनलेल्या काठच्या जमिनीवरच्या, एका साइटवर पाठवली गेले. समोर चार मजली उंच मनोरा, त्याला टांगलेला डिझेल हॅमर आणि त्याखाली उभी केलेली पाइल. हॅमर पहिल्यांदा कोसळला, काळ्या धुराचा लोट उठला आणि माझ्या पायांखालची जमीन खरोखरच उचलल्यासारखी झाली. मी पुटपुटले, "अगं आई गं." शेजारी उभा असलेला, खाकी शर्टातला, पांढऱ्या मिशांचा माणूस वळला आणि म्हणाला, "कुठल्या गावच्या?" मी म्हटलं, सरोजिनी नगर. ते खूप वेळ हसले. त्या आवाजात त्यांनी माझं पुटपुटणं ऐकलं तरी कसं, हे मला कळेना. पुढे काही महिन्यांनी त्यांनी सांगितलं की ऐकलं नव्हतंच. वर्षानुवर्षं हॅमरजवळ उभं राहून त्यांचे कान तेव्हाच निम्मे गेले होते. त्यांनी माझे ओठ वाचले होते. "आईला हाक मारताना मराठी माणसाचं तोंड वेगळं होतं," असं त्यांचं म्हणणं.

चारचौघांत ते मला 'मॅडम' म्हणत आणि अहोजाहो करत. मजुरांसमोर माझा मान राहावा, हा त्यामागचा हिशेब. आम्ही दोघंच असलो की 'पोरी' आणि अगंतुगं. दुपारच्या डब्याच्या वेळी ते मला माती दाखवत. मला सिल्ट, क्ले, सँड हे शब्द ठाऊक होते. ते चिमटीत माती घेऊन म्हणायचे, हा पोयटा, ही शाडू, हे चोपण, हा मुरूम. पोयटा बोटांवर रेंगाळतो, शाडू बोट धरून ठेवते, चोपण ओलं असताना गोंद आणि वाळलं की वीट. परदेशी पाठ्यपुस्तकातून पाठ केलेल्या जमिनीला माझ्या भाषेत नावं आहेत, हे मला तेविसाव्या वर्षी, दिल्लीत, एका निवृत्त फौजीकडून कळलं. मी घरी जाऊन आईला विचारलं, तुला पोयटा माहीत आहे का? तिला माहीत होता. तीस वर्षांत तो शब्द वापरायची वेळच आली नव्हती, म्हणाली.

हॅमरबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जो आदर येई, तो मी फार थोड्या लोकांच्या आवाजात आणि फार थोड्या गोष्टींबद्दल ऐकला आहे. डिझेल हॅमरची एक गंमत आहे. जमीन अगदी मऊ असली तर तो पेटतच नाही. आतला वजनदार दट्ट्या खाली येतो, पाइल हळूच मातीत सरकते, स्फोट होत नाही आणि यंत्र बंद पडतं. जमिनीने खालून सामना केला तरच तो दट्ट्या उसळून वर जातो आणि पुन्हा कोसळतो. जमीन जितकी कठीण, तितकी त्याची उडी मोठी. काका म्हणायचे, "ताकद ह्याची नव्हं पोरी, ताकद खालच्याची. हा नुसता जाब विचारतो." मी अभ्यासात हे सूत्रांसकट शिकले होते. पण वर उसळणाऱ्या त्या लोखंडाकडे मान वर करून बघणारे काका पाहिले की वाटायचं, जमिनीच्या आत कोणीतरी मोठं बसलेलं आहे, आणि हा माणूस रोज अदबीने त्याच्या दाराशी जातो.

पाइल पुरेशी बसली की नाही हे ठरवायचं, त्याला 'सेट घेणं' म्हणतात. पाइलवर एक कागद चिकटवायचा. शेजारी दोन खुंटांवर आडवी फळी बांधायची. त्या फळीवर पेन्सिल टेकवून तिचं टोक कागदाला लावायचं, आणि वर हॅमर कोसळत असताना पेन्सिल सावकाश एका बाजूला सरकवत न्यायची. प्रत्येक घावाला पाइल खाली दबते, थोडी वर उसळते, आणि तेवढी रेघ कागदावर उमटते. दहा घावांत ती कायमची किती खाली गेली, ते त्या रेघेवरून कळतं. ऐकायला सोपं वाटतं. पण डोक्यावर काही टनांचं लोखंड आदळत असतं, तेलाचे शिंतोडे अंगावर उडत असतात आणि हात मात्र हलू द्यायचा नसतो. पहिल्यांदा मी पेन्सिल धरली तेव्हा दुसऱ्याच घावाला ती माझ्या हातून उडाली. तिसऱ्या दिवशी सातव्या घावापर्यंत टिकले. काका मागे उभे असत. दहाही घाव पुरे झाले त्या दिवशी त्यांनी तो कागद सोडवला, उन्हात धरला, आणि घडी करून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला. घरी दाखव म्हणाले. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी चष्मा लावून ती वेडीवाकडी रेघ शेवटपर्यंत बघितली.

त्या साइटवर एका शाळेची इमारत व्हायची होती. शेजारी जुनं गाव होतं, शहराने तीन बाजूंनी वेढलेलं. चौदा मीटर लांबीच्या पाइल ठोकायच्या होत्या आणि बहुतेक सगळ्या नीट उतरत होत्या. इमारतीच्या ईशान्य कोपऱ्यावरच्या पाइलच्या वेळी काका साइटवर नव्हते, लष्कराच्या इस्पितळात कान तपासायला गेले होते. ती पाइल सहा मीटरवरच अडली. घाव घालत राहिलो, तरी पुढे जाईना. मी स्वतः सेट घेतला. दहा घावांत जेवढी खाली जायला परवानगी होती, त्याहून किती तरी कमी गेली होती. याला 'रिफ्युजल' म्हणतात, म्हणजे जमिनीने आणखी आत घ्यायला नकार दिला, कठीण थर लागला. नियमानुसार पाइल पास होती. मी कागदावर सही केली. वर उरलेला खांब कापून टाकायचा की काम संपलं.

दुपारी काका आले. त्यांनी कागद मागितला आणि कितीतरी वेळ रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग पाइलजवळ गेले, बूट-मोजे काढले, अनवाणी पायांनी जमिनीवर उभे राहिले, तळहात पाइलवर ठेवला आणि ऑपरेटरला खूण करून चार घाव घालायला लावले. डोळे मिटलेले होते. आजूबाजूचे मजूर हातातलं काम थांबवून बघत होते, पण कोणी हसत नव्हतं. घाव संपले तेव्हा ते मला बाजूला घेऊन गेले.

"पोरी, ही टेकलीय. रुतलेली नाही."

मी म्हटलं, पण काका, कागदावर तर सेट बरोबर आहे. ते म्हणाले, "कागद खोटं बोलत नाही. त्याला आपण विचारलंच तेवढं." मग त्यांनी मला शेजारच्या पाइलचा कागद आणायला सांगितलं आणि दोन्ही कागद मांडीवर ठेवले. शेजारच्या रेघेत प्रत्येक घावाला एक पायरी होती. खाली गेली, थोडी वर आली, आणि आधीपेक्षा जराशा खाली थांबली. माझ्या पाइलची रेघ मात्र खूप खाली जायची आणि जवळजवळ तेवढीच वर यायची. स्प्रिंगवर उभं राहून उड्या मारल्यासारखी. खडकाला टेकलेली पाइल अशी उसळत नाही. खाली काहीतरी आहे, आणि त्या काहीतरीच्या खाली काही नाही, असं ते म्हणाले. मी सही खोडायला पेन काढलं, तर त्यांनी माझा हात धरला. "सही तुझी आहे. माझ्या सांगण्यावरून खोडू नको. तुला दिसलं असंल तरच खोड."

मी पुन्हा बघितलं. पाच मिनिटं असेल, पंधरा असेल... आणि मला दिसलं. एकदा दिसल्यावर ते न दिसणं शक्यच नव्हतं. मी सही खोडली.

प्रोजेक्ट मॅनेजर भाटिया नावाचे होते. माणूस वाईट नव्हता, पण एप्रिलमध्ये शाळा सुरू करून द्यायची होती आणि ते ओझं त्यांच्या डोक्यावर होतं. नियमानुसार पास झालेली पाइल मी स्वतः नापास करते आहे, हे त्यांना पटेना. "रिफ्युजल मिल गया, और क्या चाहिए तुम्हें?" असं त्यांनी दोनदा विचारलं. काका माझ्या मागे उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. मी म्हटलं, शेजारी एक बोअर घेऊ द्या, खाली काय आहे ते बघू द्या. बराच वाद झाला. शेवटी त्यांनी दोन दिवस दिले आणि सांगितलं, काही निघालं नाही तर उत्तर तुलाच द्यावं लागेल. त्या रात्री मला झोप लागली नाही. नोकरीला आठच महिने झाले होते.

पहिल्या दिवशी बोअरच्या नळीतून राखेसारखी भरावाची माती आली, मग विटांचे तुकडे आले, आणि सहा मीटरवर नळी दगडावर अडली. भाटियासाहेब म्हणाले, देख लिया? दुसऱ्या दिवशी काकांनी नळी टांगलेली तिपाई दोन फूट सरकवून घेतली. पुन्हा माती, पुन्हा विटा. सहा मीटरवर नळी दगडाच्या कडेला घासत गेली, तिचा आवाज मलाही ऐकू आला. आणि मग, दोर धरलेल्या मिस्त्रीने हात सैल सोडले. त्याने काही केलं नव्हतं. नळी आपल्याच वजनाने खाली चालली होती. कोणी ठोकत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं. एक मीटर, दोन मीटर, चार... तिथे वीस-पंचवीस माणसं उभी असतील. इतकी जड वस्तू इतक्या शांतपणे जमिनीत नाहीशी होताना मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिलेली नाही. मी काकांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा मागमूसही नव्हता. ते उकिडवे बसले, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि उठून गावाकडे चालू लागले.

तासाभराने ते एका म्हाताऱ्या बाईंना घेऊन आले. ओढणीचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात काठी. त्यांनी दूरच्या देवळाच्या शिखराकडे बघितलं, मग एका जुन्या पिंपळाकडे, आणि काठीने बरोबर आमच्या पाइलच्या बुडाशी खूण केली. म्हणाल्या, "यहाँ कुआँ था। मेरे बड़े का कुआँ-पूजन यहीं हुआ था।" त्या भागात मुलगा झाला की बाळंतीण वाजतगाजत विहिरीची पूजा करायला जाते. गावात नळ आले तसं कोणी पाणी भरेना, पुढे एक म्हैस आत पडली, तेव्हा गावाने विहीर बुजवली. आधी काठावरच्या मोठ्या दगडी लाद्या आत लोटल्या आणि वर गावभरचा कचरा आणि राख. त्यातलीच एक लादी मध्येच तिरकी अडकून बसली होती. आमची पाइल त्या लादीवर उभी होती, आणि लादीखाली होता चिखल आणि पाणी. सगळे विचार करत उभे असताना बाईंनी विचारलं, इथे काय बांधताय. काका म्हणाले, शाळा. मग बाईंनी हातातली काठी खाली ठेवली आणि त्या जागेला नमस्कार केला.

पुढे डिझाइन करणाऱ्यांनी ती पाइल सोडून दिली. विहिरीच्या दोन्ही अंगांना दोन नव्या पाइल ठोकल्या आणि त्यांच्या डोक्यावर रुंद काँक्रीटचा ठोकळा घालून कोपऱ्याचा खांब त्यावर उभा केला. दोन्ही पाइल चौदा मीटर गेल्या. दोन्हींचा सेट मी घेतला. शाळा एप्रिलऐवजी जुलैत सुरू झाली. मला वाटलं होतं की उशिराबद्दल माझी हजेरी घेतली जाईल, पण मला कोणी काहीच बोललं नाही. त्याचं मला तेव्हा आश्चर्य वाटलं, आणि हळूहळू मी ते विसरूनही गेले. त्याच उन्हाळ्यात काकांनी ती कंपनी सोडली. कान फारच गेलेत, डॉक्टर नको म्हणतात, असं मला सांगितलं. मी विश्वास ठेवला.

डॉक्टर नको म्हणत असले तरी सहा महिन्यांत ते पानिपतला एका दुसऱ्या ठेकेदाराकडे एका पुलाच्या कामावर होते. मी एकदा मुद्दाम बसने त्यांना भेटायला गेले. पहिली पाइल लावायची होती. मनोरा उभा राहिला, हॅमर वर चढला, आणि काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हेल्मेट काढून काखेत धरलं आणि मान खाली घालून उभे राहिले. काय चाललं आहे ते मजुरांना कळलं नाही, पण सुभेदारसाहेबांनी हेल्मेट काढलं म्हणून त्यांनीही काढलं. मिनिटभराने त्यांनी खूण केली. नंतर मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "पानिपतात खाली कोण निजलं असंल, आपल्याला काय ठावं? घाव घालायच्या आधी सांगितलेलं बरं." बोलताना डोळे ओले नव्हते, आवाजही नेहमीचाच होता. एखाद्याच्या घरात शिरण्याआधी आपण कडी वाजवतो ना, तसं.

त्यांचं शेवटचं दशक द्वारकेच्या फ्लॅटमध्ये गेलं, चौथ्या मजल्यावर. कान पूर्ण गेले होते. कानातलं यंत्र त्यांना आवडत नसे, सगळे आवाज पत्र्याचे वाटतात म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडून असे. माझं लग्न झालं, बदल्या झाल्या, पण महिन्या-दोन महिन्यांनी एखादा रविवार मी तिकडे काढायचे. शेवटची भेट दिवाळीनंतरच्या रविवारची. समोरच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं तळघर खणायला घेतलं होतं, आणि कडेने लोखंडी पत्रे जमिनीत उतरवायचं काम चालू होतं. हे नव्या पद्धतीचं यंत्र घाव घालत नाही, पत्र्याला थरथरवत आत नेतं. काका बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, एक हात गजांवर. मी काकूंनी भरून दिलेली चकलीची ताटली घेऊन शेजारी बसले. बराच वेळ गेला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता रेती लागली."

मला राहवलं नाही. मी चार मजले उतरून रस्ता ओलांडला आणि तिथल्या इंजिनिअरला, मी पण याच धंद्यातली आहे असं सांगून, बोअरचा तक्ता दाखवायला सांगितलं. पत्रा किती खाली गेला आहे ते त्याने बघितलं, तक्त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या खोलीवर पोयटा संपून रेती सुरू होत होती. रस्त्यापलीकडे, चौथ्या मजल्यावर, पूर्ण बहिऱ्या माणसाने हे लोखंडी गजातून ओळखलं होतं. मी वर गेले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हटलं, बरोबर आहे काका. ते म्हणाले, "आहेच." आणि चकली मोडली.

तेराव्याला घरी बरीच माणसं आली होती. फौजेतले सोबती, सोसायटीतले शेजारी, दोन जुने मिस्त्री थेट झारखंडहून. कोपऱ्यातल्या खुर्चीत काठी टेकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी मला नावाने हाक मारली तेव्हा ओळखलं, भाटियासाहेब. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, शाळेच्या वेळची गोष्ट तुला सुभेदारांनी कधी सांगितली का? मला वाटलं विहिरीची. ते म्हणाले, नाही, चिठ्ठीची.

ज्या संध्याकाळी मी सही खोडली आणि दोन दिवस मागितले, त्याच संध्याकाळी काका त्यांच्या केबिनमध्ये गेले होते आणि एक कागद लिहून देऊन आले होते. काम आपण थांबवलं, नव्या इंजिनिअरची यात काही चूक नाही, तिला सही खोडायला आपण भाग पाडलं, असं त्यात लिहिलेलं होतं. खाली सही आणि हुद्दा. तेव्हा बोअर सुरूही झाली नव्हती. विहीर निघाल्यावर सगळं मिटायला हवं होतं. पण उशिराचा जाब हेड ऑफिसने मागितला तेव्हा भाटियांनी ती चिठ्ठी फाइलला लावून पुढे पाठवली. सुपरवायझर इंजिनिअरवर दबाव आणतो, असा शेरा पडला आणि काकांना पुढे कामावर ठेवलं नाही. भाटिया माझ्याकडे बघत नव्हते. "वो काग़ज़ मैं फाड़ सकता था," ते म्हणाले. "उन्होंने कभी पूछा भी नहीं।"

ज्या माणसाने माझा हात धरून सांगितलं होतं की माझ्या सांगण्यावरून खोडू नको, त्यानेच काही तासांत लिहून दिलं होतं की मी तिला खोडायला लावलं. मला ठाऊक असलेलं त्यांचं हे एकच खोटं. बोअरमध्ये काही निघालं नसतं तर मला काही होऊ नये म्हणून ते बोललेलं, आणि विहिरीचा संशय खरा ठरल्यावरही परत न घेतलेलं. इतकी वर्षं मी समजत होते की त्या दिवशी मी माझ्या पायांवर उभी होते. उभी होतेच. पण पायाखाली कोण होतं, ते मला आता कळलं. काकूंना हे माहीत होतं का, हे विचारायचं धैर्य मला त्या दिवशी झालं नाही.

परवाच्या रविवारी पुन्हा गेले. वैशाली आणि काकू दोघीच होत्या. काकूंनी मला बसायला सांगितलं, चहात आलं घालू का विचारलं, गवती चहा संपलाय म्हणाल्या, आणि हे सगळं इतक्या मोठ्या आवाजात की जिन्यातून जाणाऱ्यालाही ऐकू जावं. मी समोरच, हाताच्या अंतरावर बसले होते. वैशाली हलकेच म्हणाली, "आई, हळू बोल ना. आता तर..." आणि थांबली. काकूही थांबल्या. स्वयंपाकघरात आधण उकळत होतं तेवढाच आवाज. मग त्या खूप हळू, जवळजवळ कुजबुजत मला म्हणाल्या की सवय आहे गं, इतक्या वर्षांची. हळू बोलून बघितलं चार दिवस. पण हळू बोललं की घर एकदम रिकामं होतं.

काकू आधणाकडे गेल्या. मी बाहेरच्या खोलीतून, छातीत भरेल तेवढा श्वास घेऊन, ओरडून सांगितलं, "काकू, आलं घाला. भरपूर घाला." आतून तितक्याच मोठ्याने उत्तर आलं, "बरं."